स्पार्टाची शेतं कोण कसत होतं?

आमच्या नात्यातल्या व्हॉट्सॲप गटावर परवा तो मजकूर पुन्हा आला. प्राचीन ग्रीसमधल्या स्पार्टा नगरात दुबळं बाळ कड्यावरून फेकून देत, सातव्या वर्षी मुलगा घर सोडून लष्करी शिक्षणाला जाई, अशा तीनशे वीरांनी थर्मोपिलीच्या खिंडीत दहा लाख पर्शियनांना रोखलं, स्पार्टन माणूस कधीच शरण गेला नाही. शेवटी सल्ला: मुलांना असं वाढवा. खाली चार आईबापांनी ‘अगदी बरोबर’ लिहिलं, म्हणून हे लिहायला बसलो.

आधी बाळांचं बघू. ही गोष्ट प्लूटार्क या ग्रीक लेखकाची. त्याने ती लिहिली इसवी सन 100 च्या सुमारास, म्हणजे थर्मोपिलीला लढलेला स्पार्टाचा राजा लिओनिडास याच्यानंतर जवळजवळ सहाशे वर्षांनी. स्पार्टाचा राजा अजेसिलाउस पायाने अधू आणि अंगाने लहानखोर होता, हेही प्लूटार्कच सांगतो. हा राजा लहानपणापासून लंगडत होता, तरी त्याने बाकीच्या मुलांबरोबरच शिक्षण घेतलं आणि पुढे सुमारे चाळीस वर्षं राज्य केलं. स्पार्टाजवळच्या टायगेटस डोंगरातल्या ज्या कपारीकडे लोक बोट दाखवतात, तिथली हाडं तपासली तेव्हा ती मोठ्या माणसांची निघाली. नकोशी बाळं उघड्यावर टाकण्याची चाल तर इतर ग्रीक नगरांतही होती.

सातव्या वर्षी घर सोडण्याचं म्हणणं बरंचसं खरं आहे. अपुरं जेवण, वर्षभर एकच वस्त्र, मार, हे सगळं होतं. पण ही मुलं गाणं आणि समूहनृत्यही शिकत, आणि स्पार्टाचं सैन्य बासरीसारख्या वाद्याच्या तालावर चाल करी. मजकुरात यातलं काहीच नाही.

थर्मोपिली, इ.स.पू. 480. खिंडीत ग्रीक सैन्य सुमारे सात हजारांचं होतं. समोर दहा लाख नव्हते. आजचे बहुतेक इतिहासकार एकदोन लाखांच्या आसपास अंदाज करतात, आणि तोही आकडा भयंकरच आहे. मला खरा राग येतो तो पुढच्या विसराळूपणाचा. शेवटच्या दिवशी लिओनिडासने बहुतेकांना परत पाठवलं, तेव्हा थेस्पिया या छोट्या नगराचे 700 सैनिक स्वतःहून थांबले. डेमोफिलस त्यांचा सेनानी. ते सगळे मेले, आणि नंतर पर्शियनांनी त्यांचं नगर जाळलं. मेलेल्यांत स्पार्टनांचे हेलॉट, म्हणजे त्यांची शेतं कसणारे गुलामासारखे लोकही होते, असं ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो. तीनशेंचं शौर्य खरंच आहे, मग या बाकीच्यांचं कुठे गेलं?

‘कधीच शरण गेले नाहीत’ हे तर सरळ खोटं. इ.स.पू. 425 मध्ये स्फॅक्टेरिया बेटावर अथेन्सच्या सैन्यापुढे 292 जणांनी शस्त्रं खाली ठेवली, त्यात सुमारे 120 अस्सल स्पार्टन, म्हणजे पूर्ण नागरिक, होते. तेव्हा जिंकलेली एक ढाल आजही अथेन्सच्या संग्रहालयात आहे.

आता मजकुराने गाळलेली गोष्ट. नागरिकाला शेती करायची नव्हती, हातकाम करायचं नव्हतं, तो दिवसभर सराव करू शकत होता; मग त्याला खायला कोण घालत होतं? हेलॉट. शेजारचा मेसिनिया प्रदेश जिंकून स्पार्टाने तिथल्या लोकांना जमिनीला बांधून टाकलं होतं. गाढवासारखे ओझ्याखाली वाकलेले, पिकाचा अर्धा वाटा धन्याला देणारे, असं त्यांचं वर्णन स्पार्टाच्याच कवीने, टिर्टेयसने, केलं आहे. प्लॅटियाच्या लढाईत दर स्पार्टनामागे सात हेलॉट होते, असा हेरोडोटसचा आकडा आहे. त्यांना मारल्याचं पाप लागू नये म्हणून एफोर नावाचे अधिकारी दरवर्षी त्यांच्याशी युद्ध जाहीर करत. तरुणांना रात्री हेलॉट मारायला पाठवत. इतिहासकार थ्यूसिडिडीझ सांगतो की एकदा, युद्धात सर्वांत चांगली कामगिरी केली असं म्हणणाऱ्या हेलॉटांना पुढे यायला सांगितलं, सुमारे दोन हजारांना हार घालून मुक्त केलं, आणि मग ते सगळे नाहीसे झाले. कसे मेले ते कुणाला कळलंच नाही. ती कडक शिस्त बऱ्याच अंशी या भीतीतून आलेली होती: घरातलीच माणसं उठली तर?

ही व्यवस्था टिकलीही नाही. सामूहिक पंगतीचा धान्याचा वाटा ज्याला देता येईना, त्याचं पूर्ण नागरिकत्व जाई. जमीन थोड्यांच्या हाती साचत गेली. हेरोडोटसच्या हिशेबाने इ.स.पू. 480 मध्ये आठ हजार स्पार्टन होते. पुढच्या शतकात ॲरिस्टॉटलने हजाराहून कमी उरल्याचं लिहिलं. इ.स.पू. 371 मध्ये ल्यूक्ट्राला थीब्ज या ग्रीक नगराचा सेनानी एपॅमिनोंडास याने त्यांना हरवलं, तेव्हा रणात उतरलेल्या 700 अस्सल स्पार्टनांपैकी 400 एका दिवसात गेले. त्यातून ते पुन्हा उभे राहिले नाहीत.

दोनच वर्षांत एपॅमिनोंडासने मेसिनिया सोडवला. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याची शेतं कसणाऱ्यांनी इथोमे डोंगराच्या पायथ्याशी स्वतःचं नगर वसवलं, मेसिनी. त्याच्या दगडी तटबंदीचे मोठे भाग अजून उभे आहेत.