‘जिओकॅशिंगला मोबाईल चालतच नाही, हँडहेल्डच घ्या’ : या फॉरवर्डचा मुद्देसूद प्रतिवाद

ट्रेकिंगच्या ग्रुपांवर हा मजकूर अधूनमधून फिरत येतो. त्याचा गोषवारा असा: डोंगरात रेंज नसते, म्हणून मोबाईलचं जीपीएस बंद पडतं. जिओकॅशिंग करायचं तर हँडहेल्ड जीपीएसच (हातात धरायचं जीपीएसचं वेगळं यंत्र) हवा, तो थेट डब्यावर नेऊन उभा करतो. जितका महाग, तितका अचूक. सेल टाका, पावसात न्या, काही होत नाही. परदेशातून एसओएसवाला, म्हणजे संकटात उपग्रहावरून मदत मागता येणारा, मागवता आला तर सोन्याहून पिवळं.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी: कोणीतरी एक डबा (त्यालाच कॅश म्हणतात) लपवतो, त्याचे अक्षांश-रेखांश साइटवर टाकतो, बाकीचे तो शोधून आतल्या वहीत नाव लिहितात. सुरुवात ३ मे २००० ची, अमेरिकेत ओरेगनमध्ये. त्याच्या एक-दोन दिवस आधीच अमेरिकी सरकारने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली होती. तोवर शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवणारं यंत्र एकदम दहाएक मीटरवर आलं आणि डबा शोधणं शक्य झालं.

हँडहेल्ड वाईट नाही. पण वरच्या मजकुरात तो घेण्याची जी कारणं दिलीत, ती जवळपास सगळी चुकीची आहेत. कारण चुकीचं असलं की मॉडेल चुकीचं निवडलं जातं आणि वापरही चुकीचा होतो.

दावा १: रेंज नाही तर मोबाईलचं जीपीएस बंद

मोबाईलमधला जीपीएस रिसीव्हर टॉवरवर चालत नाही. तो साधारण २०,२०० किलोमीटरवरच्या उपग्रहांचे संकेत ऐकतो, हँडहेल्डसारखेच. नेटवर्कची मदत होते ती सुरुवातीला. कुठला उपग्रह नेमका कुठे आहे ही माहिती फोन इंटरनेटवरून चटकन उचलतो आणि काही सेकंदांत फिक्स, म्हणजे आपली जागा, मिळतो. रेंज नसेल तर तीच माहिती उपग्रहाकडून घ्यावी लागते आणि तो ती सेकंदाला ५० बिट इतक्या संथपणे पाठवतो. प्रत्येक उपग्रहाची ही माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा येते आणि मध्ये खंड पडला तर पुढच्या फेरीची वाट पाहावी लागते. म्हणून चालत्या पायाने, झाडीत फोन उघडणाऱ्याला ‘जीपीएस मिळतच नाही’ असं वाटतं. मोकळ्यावर दोन-तीन मिनिटं थांबा, मिळतं. त्याहून सोपं म्हणजे पायथ्याच्या गावात रेंज असतानाच एकदा फिक्स घेऊन ठेवा. ही माहिती काही तास कामाची राहते.

रेंज गेल्यावर खरोखर बंद पडतो तो नकाशा. कॅशचं पान, हिंट, फोटो हेही उघडत नाही. तो दोष जीपीएसचा नाही, आपण घरून काही उतरवून न घेतल्याचा आहे. अँड्रॉइडवर सी:जिओ या जिओकॅशिंगच्या ॲपमध्ये कॅश आधी सेव्ह करा, ओएसएमचा (ओपनस्ट्रीटमॅपचा) ऑफलाइन नकाशा उतरवा आणि निघण्यापूर्वी फ्लाइट मोड लावून सगळं उघडतंय का ते पाहा. फ्लाइट मोडमध्ये जीपीएस चालू राहतं. घाटात बॅटरी झरझर उतरते ती बहुतेकदा टॉवर शोधत राहिल्यामुळे, त्यामुळे हा मोड बॅटरीही वाचवतो.

दावा २: हँडहेल्ड थेट डब्यावर नेतो

मोकळ्या आकाशाखाली साधा स्मार्टफोन साधारण ५ मीटरच्या आत जागा दाखवतो. चांगला हँडहेल्ड तिथे फार पुढे नसतो. आणि स्क्रीनवर दिसणारा ‘अचूकता ३ मी’ हा आकडा हमी नाही, यंत्राने स्वतःच बांधलेला अंदाज आहे. अँड्रॉइडमध्ये त्याचा अर्थ तर लिहूनच ठेवलेला आहे: खरी जागा त्या वर्तुळात असण्याची शक्यता ६८ टक्के. म्हणजे तीनातून एक वेळा ती बाहेरच.

शिवाय चूक एकट्या तुमच्या यंत्राची नसते. डबा लपवणाऱ्याने जे आकडे नोंदवले त्यांतही चूक असते. त्याची ५ मीटर, तुमची ५ मीटर, दोन्ही मिळून साधारण ७ मीटर (दोन्ही चुका नेहमी एकाच दिशेला नसतात, म्हणून १० नाही). तुम्ही कितीही भारी यंत्र आणा, त्याची ५ मीटर तशीच राहते. म्हणून अनुभवी मंडळी शेवटच्या २०-३० मीटरवर बाणाकडे बघणं सोडतात. दोन वेगवेगळ्या दिशांनी सावकाश चालत या, अंतर सगळ्यांत कमी जिथे दिसतं तिथे काठी किंवा सॅक ठेवा आणि तिच्याभोवती आठ-दहा मीटरच्या वर्तुळात डोळ्यांनी शोधा. बाण शून्य होईस्तोवर एकाच दगडाभोवती फिरणाऱ्याला डबा क्वचितच मिळतो.

लपवणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी या फॉरवर्डमध्ये असायला हवी होती: गार्मिन या हँडहेल्ड बनवणाऱ्या कंपनीच्या बऱ्याच मॉडेलांत वेपॉइंटची, म्हणजे नोंदवलेल्या जागेची, सरासरी काढायची सोय आहे. एकदा नमुना घेऊन भागत नाही. चार ते आठ नमुने घ्या, दोन नमुन्यांत किमान ९० मिनिटांचं अंतर ठेवा. तेवढ्या वेळात उपग्रहांची मांडणी बदलते आणि चुका एकमेकींना छाटतात. सलग अर्धा तास उभं राहून घेतलेली सरासरी तीच चूक पुन्हा पुन्हा मोजते.

दावा ३: जितका महाग, तितका अचूक

पैसे कशासाठी जातात ते आधी बघू. गार्मिनच्याच ईट्रेक्स २२एक्स आणि ३२एक्स यांच्यातला मुख्य फरक अचूकतेचा नाही. ३२एक्समध्ये इलेक्ट्रॉनिक कंपास आणि हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक आहे, २२एक्समध्ये नाही. कंपास नसलेलं यंत्र तुम्ही चालत असाल तरच दिशा सांगू शकतं. उभे राहिलात की बाण भरकटतो. नवखा म्हणतो ‘यंत्र बिघडलं’. बिघडलेलं काही नसतं, दहा-पंधरा मीटर सरळ चाला, बाण जागेवर येतो.

कंपासवाल्याचीही स्वतःची दुखणी आहेत. सेल बदलल्यावर त्याचं कॅलिब्रेशन पुन्हा करावं लागतं. आणि आपला सह्याद्री बसाल्टचा, त्यात मॅग्नेटाइट असतं. माथ्यावरच्या उघड्या कातळावर वीज पडून गेलेली असेल तर तो भाग इतका चुंबकीय होतो की कंपास तिथे सरळ खोटं बोलतो. गडावरच्या तोफेशेजारीही तेच. अशा ठिकाणी कंपास बंद करा आणि चालून दिशा घ्या. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक महाराष्ट्रात एका अंशाच्या आतच आहे, त्याची चिंता नको.

पैशाने खरोखर अचूकता मिळते ती एकाच ठिकाणी: एल-१ बरोबर एल-५ (उपग्रहांच्या संकेतांच्या दोन फ्रिक्वेन्सी) ऐकणारी मॉडेलं, म्हणजे गार्मिनची जीपीएसमॅप ६५, ६६एसआर, ६७. कड्याखाली किंवा घळीत अर्धं आकाश झाकलेलं असतं आणि संकेत कातळावर आपटून येतो. तो जास्त वाट चालून आलेला असल्यामुळे यंत्राला वाटतं उपग्रहच तेवढा लांब आहे. एल-५ चा कोड एल-१ च्या दहापट वेगाचा असल्यामुळे थेट आलेला संकेत आणि आपटून आलेला संकेत वेगळे ओळखणं त्याला सोपं जातं. पठारावर या मॉडेलांचा फरक जाणवणारही नाही, नाळेत जाणवेल. पण एल-५ ऐकणारे फोनही २०१८ पासून बाजारात आहेत. तुमचा फोन त्यातला आहे का ते जीपीएसटेस्ट नावाच्या मोफत ॲपमध्ये दिसतं. तो असेल तर महागड्या हँडहेल्डचं निम्मं समर्थन तिथेच संपलं.

फुकटात मिळणारी एक गोष्ट मात्र बहुतेकजण बंदच ठेवतात. सिस्टिमच्या सेटिंगमध्ये ‘वास/ईग्नोस’ असा पर्याय असतो. अमेरिका आणि युरोपच्या जीपीएस-दुरुस्ती यंत्रणांची ही नावं बघून लोकांना वाटतं आपल्याकडे त्याचा काय उपयोग. आपल्या इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाची ‘गगन’ यंत्रणा त्याच पद्धतीने दुरुस्तीचे संकेत पाठवते, जीसॅट-८ आणि जीसॅट-१० वरून. पर्याय चालू करा, मोकळ्यावर काही मिनिटं थांबा आणि उपग्रहांच्या पानावर ४० किंवा ४१ क्रमांक दिसतो का पाहा. बाकीच्या पट्ट्यांवर ‘डी’ अक्षर उमटलं की दुरुस्ती लागू झाली. हे उपग्रह भूस्थिर आहेत, दक्षिणेकडच्या आकाशात. दक्षिणेला कडा असेल तर मिळणार नाहीत.

आणि धरायचं कसं? ईट्रेक्सचा अँटेना चपटा, म्हणून तो तळहातावर आडवा, आकाशाकडे तोंड करून. जीपीएसमॅपचा वर आलेला जाड अँटेना मळसूत्री, म्हणून तो उभा. पँटच्या खिशात दोन्ही आंधळे, कारण अंगातलं पाणी संकेत शोषतं. सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर अडकवा.

दावा ४: आकडे टाका आणि निघा

असं फॉरवर्डमध्ये थेट लिहिलेलं नाही, गृहीत धरलेलं आहे. आणि सगळ्यांत मोठ्या चुका इथेच होतात. जिओकॅशिंगचे आकडे अंश आणि दशांश मिनिटांत असतात: उ १८° ३०.५००′. हेच कोणी १८.३०५०० अंश म्हणून भरलं तर तो साडेबावीस किलोमीटर दक्षिणेला जाईल. एवढी चूक निदान लगेच कळते. घातक चूक दुसरी: ३०.५०० मिनिटं म्हणजे ३० मिनिटं ५० सेकंद असं वाचणं. त्यात सहाशे मीटरचा फरक पडतो, म्हणजे बरोबर शेजारच्या सोंडेवर. यंत्र तुम्हाला तिथे निमूट नेईल.

शेवटच्या अंकाचं मोलही कळलेलं बरं. अक्षांशात ०.००१ मिनिट म्हणजे सुमारे १.८५ मीटर. तीन अंक का लिहितात आणि चौथा का नको, ते यावरून ध्यानात येईल.

डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायची आधारपद्धत, डब्ल्यूजीएस-८४ च ठेवा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीट (छापील नकाशे) एव्हरेस्ट डेटमवर आहेत. त्यांच्यावरून आकडे काढून थेट यंत्रात भरले तर येणारा फरक पाच-दहा मीटरवर थांबत नाही.

हाताने भरणं टाळायचं तर कॅशची माहिती असलेली जीपीएक्स फाइल उतरवून यूएसबीने यंत्राच्या ‘गार्मिन’ फोल्डरमधल्या ‘जीपीएक्स’मध्ये टाका, म्हणजे हिंट आणि वर्णनही सोबत येतं. जिओकॅशिंगच्या साइटवर ही सोय प्रीमियम सभासदांना आहे, पॉकेट क्वेरीत, म्हणजे अनेक कॅश एकदम उतरवायच्या सोयीत, एका वेळी १००० कॅशपर्यंत. अमेरिकेत, जर्मनीत राहणाऱ्यांना ती वसूल होते. महाराष्ट्रात कॅश इतके विरळ आहेत की एका सहलीचे चार-पाच आकडे नीट तपासून हाताने भरले तरी भागतं.

दावा ५: सेल टाका, पावसात न्या

हँडहेल्ड घ्यायचं खरं कारण हेच आहे, पण तेही अर्धवट सांगितलेलं. ईट्रेक्स २२एक्स दोन एए सेलवर कंपनीच्या आकड्याप्रमाणे २५ तास चालतो. तो आकडा चांगल्या सेलचा. पानटपरीवरचे स्वस्त झिंक-कार्बन सेल त्याच्या जवळपासही जात नाहीत. रिचार्जेबल एनआयएमएच सेल, २००० एमएएचच्या आसपासचे, उत्तम. पण ते १.२ व्होल्टचे असतात. सेटिंगमध्ये बॅटरीचा प्रकार ‘अल्कलाइन’ राहिला तर भरलेला सेलही अर्धा दिसतो आणि यंत्र ‘बॅटरी कमी’ची बोंब वेळेआधीच मारतं. प्रकार बदला. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नका.

पावसाचं म्हणाल तर यंत्राचा आयपीएक्स-७ हा पाणी-संरक्षणाचा दर्जा म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ओढ्याच्या धारेची हमी त्यात नाही, आणि ते तरंगतही नाही, म्हणून दोरी बांधा. मागच्या यूएसबीचं रबरी झाकण नीट बसलं नसेल तर पोर्टच्या पिनांवर गंज चढतो आणि मग नकाशे टाकताच येत नाहीत. असं असूनही जुलैच्या पावसात बटणांचं यंत्र फोनला हरवतं, कारण ओल्या काचेवर टचस्क्रीन स्वतःच्याच मनाने बटणं दाबत सुटते. वर्षातले चार महिने पावसात फिरणाऱ्याने हँडहेल्ड जरूर घ्यावा. हिवाळ्यात रविवारी एखादी टेकडी चढणाऱ्याने दहा हजार एमएएचची पॉवर बँक घ्यावी.

दावा ६: एसओएसवाला मिळाला तर सोन्याहून पिवळं

हा दावा महागात पडू शकतो. साधा हँडहेल्ड फक्त ऐकतो. गार्मिनची ६६आय, ६७आय आणि इनरीच नावाची यंत्रं इरिडियम उपग्रहांवरून संदेश पाठवतातही. भारतात अशी साधनं दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत, आणि विमानतळावर ती सापडून अडकलेले परदेशी प्रवासी आहेत. अमेरिकेतल्या भावाला ‘गार्मिन ६७ घेऊन ये’ म्हणताना नावापुढे ‘आय’ नसल्याची खात्री करा, दुकानात दोन्ही शेजारी ठेवलेले असतात.

जुना हँडहेल्ड घेताना बटणांचं रबर, यूएसबीचं झाकण आणि सेलच्या पत्र्यांवरचा हिरवट गंज तपासा. मोकळ्यावर चालू करून तारीखही बघा. जीपीएसचा आठवड्यांचा मोजणीअंक १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो, मागच्या वेळी तो ६ एप्रिल २०१९ ला आला. काही जुनी यंत्रं तेव्हापासून जवळपास वीस वर्षं मागची तारीख दाखवतात. जागा ती बहुधा बरोबर सांगतात, पण ट्रॅकच्या वेळा आणि सूर्यास्ताची वेळ यांवर विसंबता येत नाही. फर्मवेअर अपडेट मिळत असेल तर घ्या, नसेल तर त्या हिशेबाने किंमत पाडून मागा.