टर्बो बसवायचाय? मग आधी चासी ठरवा

एक चासी (गाडीचा सांगाडा) आणि वेगळं इंजिन जुळवून स्वतः स्नोमोबाईल, म्हणजे पुढे स्की आणि मागे ट्रॅक असलेली बर्फावरची गाडी, बांधायची आणि तिला टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणारा पंखा) लावायचं मनात आलं की पहिला प्रश्न येतो, हॉर्सपॉवर किती मिळेल. दुसरा, किट कुठलं घेऊ. चासीचा विषय निघतो सगळ्यात शेवटी, आणि तोही "हलकी कुठली?" एवढ्यापुरताच. हा क्रम मला मुळातच उलटा वाटतो. पैसा आणि अख्खा हिवाळा वाया जातो तो इथेच, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. तुमच्या इंजिनाच्या जवळपास वजनाचं आणि जवळपास ताकदीचं इंजिन ज्या चासीत कंपनीने स्वतः बसवून विकलंय, तीच चासी घ्या. हलकेपणा, दिसणं, आवडता ब्रँड हे सगळं त्याच्यानंतर.

आता कारण. क्रँकवरचा (इंजिनाच्या फिरत्या दांड्यावरचा) प्रायमरी क्लच आणि जॅकशाफ्टवरचा (ताकद पुढे ट्रॅककडे नेणाऱ्या दांड्यावरचा) सेकंडरी क्लच यांच्यावर एक रबरी बेल्ट फिरतो. या दोघांतलं अंतर इंजिनाची बैठक आणि जॅकशाफ्टची जागा मिळून ठरतं, आणि ही दोन्ही ठिकाणं चासीत ठरलेली असतात. हे अंतर किंवा दोन्ही क्लचची रेषा थोडी जरी चुकली तरी बेल्ट तापतो, कडा खातो आणि शेवटी फाटतो. त्यात बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) आला की ओढ वाढते, इंजिन रबरी माउंटवर सेकंडरीच्या दिशेने खेचलं जातं आणि उभं असताना बरोबर जुळवलेली रेषा नेमकी थ्रॉटल दाबल्यावर बिघडते. म्हणून टॉर्क स्टॉप (इंजिन खेचलं जाऊ नये म्हणून लावलेला टेकू) लागतो, आणि त्याला टेकायला चासीत भक्कम जागा लागते. पातळ पत्र्यावर टेकवलेला टॉर्क स्टॉप काही कामाचा नाही. "टर्बो केल्यापासून बेल्ट टिकतच नाही" अशी तक्रार ऐकली की मी बेल्टच्या कंपनीबद्दल विचारत नाही, माउंट कसे आहेत ते विचारतो.

हलक्या चासीचं आकर्षण मला समजतं. खोल भुसभुशीत बर्फात प्रत्येक किलो जाणवतो. पण वजन किती यापेक्षा ते कुठे आहे हे जास्त महत्त्वाचं. फोर-स्ट्रोक इंजिन, त्याचं तेल, टर्बो, इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा) आणि पाईप हे सगळं नाकाशी जमा झालं की स्की बर्फात रुततात, आणि उतारावर आडवं जाताना गाडी वरच्या अंगाला धरून ठेवायला जीव काढावा लागतो. मागे लांब ट्रॅक लावून हे थोडंफार सुधारतं, पण पुढचं ओझं त्याने कमी होत नाही.

कंपन्यांनी हे प्रश्न कसे सोडवले ते बघण्यासारखं आहे. स्की-डूने २०२० च्या मॉडेलमध्ये समिट ८५० ई-टेक टर्बो आणली, कारखान्यातूनच टर्बो घेऊन आलेली पहिली टू-स्ट्रोक स्नोमोबाईल. ताकद १६५ हॉर्सपॉवर, ८,००० फूट उंचीपर्यंत टिकणारी. साधं इंजिन दर हजार फुटांमागे साधारण ३ टक्के ताकद गमावतं, म्हणजे त्या उंचीवर जवळजवळ पाव भाग गेलेला असतो. टर्बोने तेवढा भाग परत मिळवून दिला. पण खाली समुद्रसपाटीवर बिनटर्बोचं ८५० सुद्धा १६५ चंच होतं. म्हणजे क्लच, जॅकशाफ्ट, चेनकेस (जॅकशाफ्टची ताकद ट्रॅककडे नेणारी साखळीची पेटी) यांच्याकडून मूळ इंजिनापेक्षा जास्त ताकद पेलायची अपेक्षाच त्या पहिल्या टर्बोत नव्हती. तीच चासी घेऊन कोणी अडीचशे हॉर्सपॉवरचं स्वप्न बघत असेल, तर "कंपनीनेही हिलाच टर्बो लावलाय" हा युक्तिवाद तिथे लागू पडत नाही.

फोर-स्ट्रोकवाल्यांसाठी दुसरं उदाहरण. २०१४ च्या यामाहा वायपरमध्ये यामाहाचं १०४९ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आर्क्टिक कॅटच्या चासीत बसलं. पुढे २०१७ मध्ये ९९८ सीसीचं टर्बो इंजिन आलं, यामाहाच्या साइडवाइंडरमध्ये आणि आर्क्टिक कॅटच्या थंडरकॅटमध्ये. मोकळ्या तळ्यावर किंवा आखलेल्या ट्रेलवर वेग हवा असेल, तर जड इंजिनाचा विचार करून उभी राहिलेली ही चासी मला डोंगरासाठी घासूनपुसून हलक्या केलेल्या चासीपेक्षा कितीतरी शहाणी निवड वाटते. तिथे थोडं जास्त वजन सोसतं.

जागेचा हिशेबही आधीच करा. २००३ च्या स्की-डू रेव्हपासून चालक पुढे सरकला. चालवायला ते उत्तमच, पण रेव्हच्या सांगाड्याच्या नळ्या इंजिनाच्या वरून पिरॅमिडसारख्या जातात. उंच इंजिन आणि वर टर्बोचे पाईप अशी जुळणी असेल तर ती त्या नळ्यांनाच अडते. पोलारिसच्या २०११ च्या प्रो-राइड चासीत काही जोड रिव्हेटऐवजी चिकटवलेले आहेत. जोड मजबूत आहेत, पण टर्बोची गरम बाजू अशा जोडाजवळ उघडी ठेवू नका, उष्णतारोधक आवरण लागतंच.

कूलिंगबद्दल फारसं कोणी बोलत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त बिल्ड अडकतात ते इथेच. टनेलखालच्या (ट्रॅकवरच्या लांब पत्र्याच्या आवरणाखालच्या) कूलरवर ट्रॅकने उडवलेला बर्फ पडतो तेव्हा पाणी थंड होतं. डोंगरी मॉडेलमध्ये वजन वाचवायला हे कूलर बऱ्याचदा आखूड ठेवतात, कारण खोल बर्फात तेवढे पुरतात. तीच चासी टर्बो लावून टणक ट्रेलवर नेली की तापमानाचा काटा चढायला लागतो. आइस स्क्रॅचर (टणक बर्फ खरवडून उडवणारे दांडे) लावले तर मदत होते, पण मुळात छोट्या असलेल्या कूलरची कसर त्यातून पूर्ण भरून निघत नाही.

जॅकशाफ्टपासून ट्रॅककडे ताकद न्यायला चेनकेस की दातेरी बेल्ट यावर भांडणं खूप होतात. मी चेनकेसच्या बाजूचा. बेल्ट हलका असतो हे मान्य, पण टर्बो लावल्यावर गिअरिंग बदलून बघावंच लागतं, आणि चेनकेसमध्ये स्प्रॉकेट बदलून ते सुटसुटीत होतं.

इंजिन नसलेला जुना रोलर बघायला जाल तेव्हा टॉर्च न्या. हूड काढा, ए-आर्म (स्की धरणारे दांडे) जिथे बसतात तिथला बल्कहेड (चासीचा पुढचा भाग) पुसून नीट बघा, केसासारखी भेग दिसली तर व्यवहार तिथेच थांबवा. टनेलला घडी पडलीय का, रिव्हेटभोवती काळा डाग आहे का ते बघा. काळा डाग दिसला तर तो जोड हलतोय. शेवटी इंजिन बसल्यावर क्रँक जिथे येईल तिथून जॅकशाफ्टपर्यंत टेप लावून क्लचमधलं अंतर मोजा आणि तुमच्या इंजिनाच्या मूळ गाडीतल्या अंतराशी ताडून बघा. ते माप हातात आल्याशिवाय टर्बो किटसाठी पैसे देऊ नका.