पिन दोनला पिन दोन

१९६० साली दोन गोष्टी झाल्या. इकडे महाराष्ट्र राज्य झालं आणि तिकडे अमेरिकेत आरएस-२३२ नावाचं मानक निघालं. दोन यंत्रांनी तारेवरून एकमेकांशी कसं बोलायचं, याचे नियम त्यात आहेत. महाराष्ट्राचं पुढे काय झालं ते आपण बघतोच आहोत. आरएस-२३२चं काय झालं ते मला धरणगावजवळच्या एका जिनिंगच्या काटाघरात, तापलेल्या पत्र्याखाली, भर मे महिन्यात समजलं. या मानकात ‘एक’ पाठवायचा तर उणे व्होल्ट आणि ‘शून्य’ पाठवायचा तर अधिक व्होल्ट. ज्याची सुरुवातच अशी, त्याच्याकडून पुढे सरळपणाची आशा ठेवू नये.

जिनिंग मामांची. कापसाचा हंगाम संपला की जिन बंद होतं, पण वजनकाटा बारा महिने चालू असतो. मका येतो, केळी येते, भंगार येतं. त्या काटाघरात डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधीच्या, नुसत्या टाइप केलेल्या कमांडींवर चालणाऱ्या प्रणालीवर, चालणारा एक संगणक आहे. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, पावती, एवढंच त्याचं आयुष्य. यंदा त्याचं डिस्प्ले कार्ड गेलं. मॉनिटर बदलून पाहिला, काळा तो काळाच. आणि नेमक्या त्याच वेळी सीएंनी मागच्या सगळ्या हंगामांच्या नोंदी मागितल्या, त्याही एक्सेलमध्ये.

आता कोणीही म्हणेल, हार्ड डिस्क काढ आणि दुसरीकडे जोड. मीही म्हणालो. मामा संगणकासमोर हात आडवे करून उभे राहिले. “बंद करीसन परत चालू नही व्हयना तं?” इन्व्हर्टरच्या जोरावर तो डबा कित्येक वर्षं बंदच झालेला नव्हता, आणि इतकी जुनी डिस्क एकदा थांबली की पुन्हा फिरेलच असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मी नव्हे. फ्लॉपीच्या फटीत रुईचा एवढा थर बसला होता की त्यातून एक वात निघाली असती. यूएसबीचा प्रश्नच नव्हता.

संगणक जिवंत आहे हे तरी कसं कळलं? आप्पांमुळे. आप्पा काट्यावर मामांच्या वडिलांपासून आहेत. पडदा काळा झाल्यावरही त्यांनी पावत्या फाडणं थांबवलं नव्हतं, कारण पडद्याकडे ते कधी बघतच नसत. नजर गाडीवर, बोटं कीबोर्डवर. प्रोग्राममधून बाहेर कसं पडायचं म्हणून विचारलं, तर त्यांना सांगता येईना. मग त्यांनी डोळे मिटले आणि हवेत बोटं चालवून दाखवली: एस्केप, एस्केप, वाय, एन्टर. मी म्हणालो, आता डीआयआर, मग मोठं-पेक्षाचं चिन्ह, मग पीआरएन. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर किंचाळला आणि फाइलींची यादी कागदावर आली. एकही फाइल हरवली नव्हती. मामा खूश. “मंग छापी टाक ना भो सगळं!” सगळं छापायचं तर कागदाचे गठ्ठे लागले असते, आणि ते पुन्हा एक्सेलमध्ये चढवायला मीच बसलो असतो.

उरलं सिरियल पोर्ट, म्हणजे तेच ते आरएस-२३२. डब्यामागे दोन होती. नऊ पिनांचं कॉम-वन काट्याच्या इंडिकेटरने अडवलेलं. त्याला हात लावायचा नाही, कारण काट्यावर वजनमापे खात्याचा शिक्का आहे. शिक्का इंडिकेटरवर आहे, वायरीच्या या टोकावर नाही, हे सांगून पाहिलं. “मन्हा काटा खरा शे,” मामा म्हणाले, आणि विषय संपला. म्हणून कॉम-टू, पंचवीस पिनांचं. त्याच्याच शेजारी प्रिंटरचंही पंचविसाचंच. खूण सोपी आहे: छिद्रं असतील ते प्रिंटरचं, पिना बाहेर आलेल्या असतील ते सिरियलचं. ही खूण कोळ्याच्या जाळ्यातून बोट फिरवून पटवावी लागली.

माझ्या लॅपटॉपला सिरियल पोर्ट नाही. जळगावच्या गोलाणी मार्केटात यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर मागितला, की आधी मोबाईलचा चार्जर दाखवतात, मग हेडफोन, आणि शेवटी पोटमाळ्यावरून एक पुडी खाली येते. त्याच्या ड्रायव्हरने नेहमीचा पिवळा त्रिकोण दाखवला, तो यथावकाश गेला. सिरियलवरून आलेलं दाखवणारा विंडोजमधला प्रोग्राम, हायपरटर्मिनल, व्हिस्टापासूनच गायब, म्हणून त्याच कामाचं पुटी घेतलं. लॅपटॉपची बाजू धड आहे ना, हे तपासायला पिन दोन आणि तीन एकमेकींना जोडायच्या. आपण बोललेलं आपल्यालाच ऐकू आलं की झालं. मामींनी अंबाड्यातला आकडा काढून दिला, त्याचा काळा रंग खरवडला, पिनांना लावला. मी ‘अ’ची कळ दाबली, पडद्यावर ‘अ’ उमटला. मामी म्हणाल्या, “एवढ्यासाठी आकडा वाकडा केला?”

खरी गंमत केबलची. दोन संगणक सिरियलने जोडायचे तर एकाची बोलायची पिन दुसऱ्याच्या ऐकायच्या पिनेला जायला हवी. नाहीतर दोन विहिणी एकदम बोलायला लागल्यासारखं होतं, आवाज भरपूर आणि निरोप शून्य. म्हणून तारा क्रॉस करतात. हे गावातल्या टीव्ही-रेडिओ दुरुस्तीवाल्याला चांगलं माहीत होतं, त्यानेच डाग देऊन केबल करून दिली. दोनची तीनला, तीनची दोनला. त्याचं ज्ञान नऊ-नऊ पिनांच्या केबलपुरतं बरोबर होतं. पण पंचवीस पिनांच्या पोर्टात दोन नंबर बोलतो आणि तीन ऐकतो, तर नऊ पिनांच्यात दोन ऐकतो आणि तीन बोलतो. म्हणजे इथे दोनला दोन, तीनला तीन अशी सरळ जोडली तरच ती क्रॉस होते, आणि क्रॉस केली की सरळ होते. मी हे कागदावर काढून दाखवलं. त्याने कागद उलटा धरून पाहिला, सरळ धरून पाहिला, आणि म्हणाला, “दादा, क्रॉस म्हणजे क्रॉस.” शेवटी डाग त्याने दिला, पण निषेध म्हणून तोंड दुसरीकडे करून. ग्राउंडची तार पंचविसातल्या सातवरून नवातल्या पाचवर. तिच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

परत काटाघरात. उन्हाचा पारा चव्वेचाळीसच्या पुढे. आप्पांना सांगितलं, “इको, मग आप्पा, मग ते चिन्ह, मग कॉम-टू.” स्वतःचं नाव तारेतून जाणार म्हणून त्यांनी टोपी सारखी केली आणि एन्टर दाबलं. लॅपटॉपवर काहीच नाही.

याचं कारण डॉसचा स्वभाव. तो पोर्टाशी बोलतो ते बायोसमार्फत, म्हणजे संगणकातल्या मूळ प्रोग्राममार्फत, आणि ते तीन तारांवर बोलत नाही. समोरचा तयार आहे असा इशारा डीएसआर आणि सीटीएस या दोन पिनांवर आल्याशिवाय ते एक अक्षर सोडत नाही. इशारा आला नाही की थोडा वेळ वाट पाहतं आणि मग डॉस विचारतो: सोडून देऊ, की पुन्हा प्रयत्न करू? हा प्रश्न तो काळ्या पडद्यावर विचारत होता. त्यानंतर आप्पा जे काही टाइप करत होते ते सगळं बिचारा त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून तपासून पाहत होता. उपाय असा, की पंचवीस पिनांच्या बाजूला चार आणि पाच आपसात जोडायच्या, सहा आणि वीस आपसात. मग संगणक स्वतःच विचारतो आणि स्वतःच हो म्हणतो. पुन्हा दुरुस्तीवाला. या वेळी त्याने काही विचारलं नाही, फक्त दर वाढवला.

मग आवाज आला, म्हणजे अक्षरं आली. पण कसली! प्रश्नचिन्हं, चौकोन, उलटे सुलटे एस. हा वेगाचा घोटाळा. दोन्हीकडचा बॉड रेट, म्हणजे त्या बोदो नावाच्या फ्रेंच तारवाल्याच्या नावाने चालणारं माप, एकच हवा. लॅपटॉप ९६०० वर होता. आप्पांना पोर्टाचा वेग ठरवणारी मोड कमांड नीट सांगून झाली होती. मी म्हणालो, काय टाइप केलंत ते कागदावर लिहून दाखवा. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं. नऊ, स्वल्पविराम, सहाशे. “हजाराला स्वल्पविराम नको?” आयुष्यभर वही लिहिलेला माणूस. डॉसने तो आकडा नऊ वाचला आणि पुढचे सहाशे कुठे ठेवावेत या विचारात कमांडच फेटाळली, म्हणून पोर्ट आपल्या जुन्या वेगावरच बसलं होतं. स्वल्पविराम काढायला आप्पा तयार झाले, पण “तुम्ही म्हणता म्हणून” असं बजावून.

पडद्यावर स्वच्छ अक्षरात ‘आप्पा’ आलं. काटाघरात जो काही आनंद झाला तो लॅपटॉपवर नाव आल्याचा होता. बाकीच्या कारणात कोणाला रस नव्हता.

त्यानंतर सीटीटीवाय कॉम-टू. या कमांडने डॉस आपला सगळा कारभार तारेपलीकडच्या टर्मिनलकडे देतो. सी ड्राइव्हचा प्रॉम्प्ट माझ्या लॅपटॉपवर लुकलुकू लागला आणि त्याच क्षणी आप्पांचा कीबोर्ड मेला. त्यांनी सवयीने कळा दाबल्या, काही नाही. “म्हणजे आता काटा तुमचा?” त्यांचा चेहरा पाहून मी घाईघाईने सांगितलं, की सीटीटीवाय कॉन म्हटलं की परत तुमचाच. तेवढ्यात केळीचा ट्रक आला. आप्पांनी मुकाट्याने इंडिकेटर वाचून हाताने पावती लिहिली. स्वल्पविरामासकट.

नोंदी साध्या मजकुराच्या फाइलींत होत्या. टाइप कमांड दिली आणि पुटी सगळं लॉगमध्ये उतरवून घेऊ लागलं. ९६०० म्हणजे प्रत्येक अक्षराला दहा बिट धरून सेकंदाला ९६० अक्षरं, एका एमबीला अठरा मिनिटं. मामा म्हणाले फार हळू आहे, मामी म्हणाल्या जेवाले चाला. शेवभाजी आणि कळण्याची भाकरी खाऊन आलो तरी तिसरा हंगाम संपायचा होता.

सरकत्या नोंदींकडे बघता बघता एक ओळ डोळ्यात भरली. गाडीचा नंबर नाही, रिकामं वजन नाही, नुसतं ऐंशी किलो. पुढच्या हंगामाच्या पहिल्याच दिवशी पुन्हा तशीच ओळ, नव्वद. मग शंभर. ताज्या हंगामात एकशे दहा.

“हाई कोनी लिखं?” मामांनी विचारलं.

“काटा तपासाले कोनी तरी उभं ऱ्हावालेच लागस ना, शेठ,” आप्पा म्हणाले.

त्या ओळी काढून टाक, असं मामांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. काट्याची नोंद खोडता येत नाही, असं आप्पांनी दुसऱ्या बाजूला घेऊन सांगितलं. फाइल होती तशी गेली. आठवड्याभराने सीएंचा फोन आला. बाकी सगळं जुळतंय, फक्त वर्षातून एकदाच येणारी ही बिननंबरची गाडी कोणाची, आणि ती कधीच रिकामी का होत नाही?