‘एसडब्ल्यूआर दीडच्या आत म्हणजे अँटेना ओके’? नाही!

छोट्या विमानांच्या रेडिओच्या एसडब्ल्यूआरबद्दल (अँटेनाकडे पाठवलेल्या शक्तीतली किती परत येते ते सांगणारा आकडा; १ म्हणजे काहीच नाही) एक संदेश फिरतोय : “मीटरवर एसडब्ल्यूआर १.५ च्या आत आला की अँटेना ठणठणीत. मल्टिमीटरला शॉर्ट दिसला तरच बदला. केबल ५० ओहमची कुठलीही चालते.” हे वाचून कोणी तपासणी उरकू नये.

एसडब्ल्यूआर मीटर फक्त गेलेली आणि परत आलेली शक्ती ताडून बघतो. ५० ओहमचा डमी लोड (शक्ती उष्णतेत जिरवणारा रोध) लावला तर तो १ दाखवेल, पण हवेत काहीच जाणार नाही. खराब केबलही अशीच फसवते. केबलमध्ये ३ डेसिबल घट असेल तर निम्मी शक्ती जाताना आटते, उरलेल्यातली निम्मी येताना. मग अँटेना काढून ठेवली तरी मीटर ३ च्या पुढे सरकत नाही.

म्हणून केबलचा अँटेनाकडचा बीएनसी कनेक्टर सोडा, टोक मोकळं ठेवा आणि रेडिओकडून अ‍ॅनालायझर (एसडब्ल्यूआर मोजणारं यंत्र) लावा. तीन मीटर लांबीच्या धड आरजी-५८ केबलवर आकडा १० च्या वर जायलाच हवा. ३-४ वर अडकला तर कनेक्टर उघडून बघा. पावसाळ्यानंतर आत पाणी शिरून तांब्याची जाळी काळी-हिरवी पडलेली सापडते. अशी केबल पुसून वापरू नका, बदला.

मग केबल पुन्हा अँटेनाला जोडून ११८, १२७ आणि १३७ मेगाहर्ट्झ, तिन्हीकडे मोजा. २ च्या आत हवं. विमान पत्र्याच्या हँगरबाहेर काढूनच, कारण पत्रा आकडे बिघडवतो.

मल्टिमीटरचं म्हणाल तर काही अँटेना मुळातच डीसीला (मल्टिमीटरच्या एकदिश प्रवाहाला) शॉर्ट असतात. उत्पादकाचा कागद आधी वाचा. अँटेनाच्या बुडाखालचा रंग किंवा गंज मात्र विमानाच्या पत्र्याशी असलेला जोड बिघडवून हमखास नडतो, आणि तिथला काही मिलिओहमचा फरक साध्या मल्टिमीटरला कळत नाही.

‘कुठलीही केबल’ तर चंद्रपूरच्या उन्हाळ्यात अजिबात नको. आरजी-५८ चं पॉलिथिन तापून मऊ होतं आणि घट्ट वळणावर मधली तार जाळीकडे सरकते. टेफ्लॉनची, दुहेरी जाळीची आरजी-४०० घ्या.

शेवटी हवेत, टॉवरला आधी विचारून, सपाट चक्कर मारत प्रत्येक दिशेला आवाज १ ते ५ मध्ये किती स्पष्ट पोचतो ते विचारा. एकाच दिशेला पडला तर अँटेनाची जागा चुकलीय. चंद्रपूरजवळच्या मोरवा धावपट्टीवर हजार फुटांवरून नागपूर मिळालं नाही तर अँटेनाला दोष देऊ नका. त्या उंचीवरून जमिनीपर्यंतची सरळ रेषा सत्तरेक किलोमीटरचीच असते, आणि नागपूर त्यापलीकडे आहे.