फळ्यावरचं पहिलं नाव

गेल्या आठवड्यात आठवी ब वर माझा बदली तास पडला. इंग्रजीचे सर मतदार यादीच्या कामाला गेले होते. (शिक्षण हक्क कायद्याच्या २७व्या कलमात जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामं शिक्षकांना देता येतात, त्यामुळे तिथे बोलायची सोय नाही.) मी पोचेपर्यंत दहा मिनिटं वर्ग मॉनिटरच्या ताब्यात होता. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात 'बोलणारी मुले', खाली रेघ, रेघेखाली सात नावं. पहिल्या नावापुढे तीन फुल्या.

पहिलं नाव नेहमीचंच. हजेरीतला सतरा नंबर. खरं नाव इथे लिहीत नाही. मी सवयीने त्याला उभं राहायला सांगितलं. कुणीच उठेना. मग खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली, "बाई, तो आज आलाच नाही."

वर्ग खो खो हसला, मीही हसले. मॉनिटरला विचारलं, "मग फुल्या कसल्या रे दिल्यास?" तो मान खाली घालून म्हणाला, "सवयीनं, बाई."

घरी आल्यावरही ते डोक्यातून जाईना. कारण त्या पोराला दोष देऊन काय उपयोग? नावं लिहायला त्याला मीच बसवलं. आणि अशी यादी माझ्याही डोक्यात असतेच की. दर जूनला शिक्षकखोलीत वर्ग एकाकडून दुसऱ्याकडे जातो, तेव्हा हजेरीपत्रकाबरोबर दोन-तीन नावंही तोंडी दिली जातात. "ह्यांच्याकडे जरा बघा." पोरगं अजून नव्या वर्गात पाऊलही टाकत नाही आणि त्याचं नाव फळ्यावर चढलेलं असतं.

मी २००४ साली नोकरीला लागले तेव्हा प्रत्येक वर्गाच्या टेबलात छडी असायची. १ एप्रिल २०१० ला कायदा लागू झाला. १७व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींवर बंदी घातली. आम्ही त्यातला पहिला अर्धा भागच वाचला. छडी गेली, तिची जागा जिभेनं घेतली. 'तुझ्या डोक्यात काय भुसा भरलाय का', 'तुझ्या भावानेही असेच दिवे लावले होते'. छडीचा वळ संध्याकाळपर्यंत जायचा.

पण आमच्या बाजूनेही बोलायला हवं. छडी खाली ठेवा असं सगळ्यांनी सांगितलं, तिच्या जागी हातात काय घ्यायचं ते कुणी धड शिकवलं नाही. बी.एड.च्या सराव पाठांना वर्ग चिडीचूप असायचा, कारण वर्गाचे खरे शिक्षक मागे बसलेले असायचे. नोकरी लागल्यावर मागे कुणी बसत नाही! त्यात कायदा सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक म्हणतो, माझ्या पटावर ५८ आहेत. एका बाकावर तिघं-तिघं. पत्र्याचं छप्पर, ऑक्टोबरचं ऊन, पोटात खिचडी आणि सहावा तास. तालुक्याच्या प्रशिक्षणात मागच्या खुर्च्यांवर बसून आम्ही शिक्षक जेवढं बोलतो, त्या मानाने ही पोरं साधू आहेत.

माझ्यापुरतं सांगते, वर्ग बिघडतो तो पहिल्या तीन-चार मिनिटांत. बाई हजेरी घेतायत, डस्टर शोधतायत, खडू आणायला कुणाला तरी ऑफिसात पाठवतायत, आणि तोवर ५८ पोरं रिकामी. म्हणून आता मी आत शिरले की आधी फळ्यावर एक गणित लिहिते. पोरं ते सोडवत असतात तेवढ्यात हजेरी होते. एवढ्यानंच निम्मा गोंगाट कमी झाला. दुसरं म्हणजे लांबून नाव घेऊन ओरडणं सोडलं. शिकवता शिकवता चालत जायचं, त्याच्या वहीवर बोट टेकवायचं, बोलणं सुरूच ठेवायचं. नाव घेतलं की सगळा वर्ग मागे वळून बघतो, आणि सतरा नंबरला तेच तर हवं असतं. आवाज बारीक करून बोलण्याचा उपाय दिवाळीपर्यंत चालतो, पुढे नाही. आणि सगळ्या वर्गाला शिक्षा तर कधीच करू नये. दोन वर्षं केली मी ती. दंगा करणारा मजेत राहतो आणि ज्यानं काही केलेलं नसतं तो आपल्यावर कायमचा रुसतो.

पालकांना बोलावणं हाही एक ठरलेला उपाय. सतरा नंबरच्या वडिलांना मी मागच्या वर्षी बोलावलं होतं. माणूस कामावरची हजेरी बुडवून आला, चपला बाहेर काढून दारातच उभा राहिला. मी तोंड उघडायच्या आत हात जोडून म्हणाला, "हाणा बाई त्याला, तुमचाच हाय." पोरगं तासाला मांजराचा आवाज काढतं, हे मी त्या माणसाला कसं सांगणार होते? चाचणीचा पेपर दाखवला, गणितात सुधारणा आहे म्हटलं आणि पाठवून दिलं. सुधारणा फारशी नव्हती.

कोसबाडला आदिवासी मुलांसाठी शाळा चालवणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यासमोर वारली मुलं होती. गुरं चारायला जावं लागे, शाळेत कशी येणार? त्या पोरांना बेशिस्त म्हणून कुणी फुल्या मारल्या नाहीत. शाळाच कुरणात गेली. माझी आठवी ब मी कुरणात नेऊ शकत नाही, कबूल. पण पोरगं का बोलतंय, का आलं नाही, एवढं तरी विचारता येतं.

सतरा नंबर दोन दिवसांनी आला. घरचं सोयाबीन काढायला होता. हाताच्या बोटांना चिरा पडलेल्या, पेन नीट धरवत नव्हतं. पोरांनी त्याला फळ्याची गंमत सांगून झाली होती. तास संपल्यावर माझ्यामागे वऱ्हांड्यात आला आणि म्हणाला, "बाई, आलो असतो तर बोललोच असतो की."

सोमवारपासून माझ्या वर्गात नावं लिहिणं बंद केलंय. मॉनिटरला विचारलं, तू ऑफ तासाला काय करशील? म्हणाला, गणितं घालीन. घालतोय. कालच शेजारच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या की तुमच्या आठवी ब चा आवाज हल्ली फार येतो हो.

येतो. मलाही ऐकू येतो.