सेलचं खोकं घ्या, पण तो फॉरवर्ड नको

‘महागडे सेल विसरा’ म्हणणारा एक लांबलचक मेसेज सध्या घरच्या ग्रुपवर फिरतोय. सगळे सेल सारखेच, म्हणून शंभर सेलचं सगळ्यात स्वस्त खोकं घ्या, फ्रिजमध्ये ठेवा, संपलेले उन्हात तापवून पुन्हा वापरा, आणि मुलाने बटण सेल गिळलाच तर केळी खाऊ घाला, सकाळी आपोआप पडतो. मावशीने हे वाचून खोकं मागवलंसुद्धा. तिच्याकडे दीड वर्षाचा नातू आहे, म्हणून शेवटचा मुद्दा आधी घेतो.

तो साफ खोटा आणि जीवघेणा आहे. वजनकाट्यात किंवा गाडीच्या किल्लीत असतो तो सीआर २०३२ हा नाण्यासारखा चपटा बटण सेल २० मिलिमीटर रुंद आणि ३ व्होल्टचा. लहान मुलाच्या अन्ननलिकेत तो अडकू शकतो. तिथल्या ओलाव्यातून वीज वाहायला लागते, सेलच्या ऋण बाजूला तीव्र अल्कली (कॉस्टिक सोड्यासारखं दाहक द्रव्य) तयार होते आणि आतून भाजत जातं. त्यासाठी सेल फुटावा-गळावा लागत नाही. ‘संपला’ म्हणून काढून ठेवलेल्या सेलमध्येही तेवढा जोर असतो. अमेरिकेच्या नॅशनल कॅपिटल पॉयझन सेंटर या विषबाधा-सल्ला केंद्राच्या सूचना नीट वाचा: २ तासांतही गंभीर इजा होऊ शकते. ताबडतोब एक्स-रेची सोय असलेलं रुग्णालय गाठायचं. उलटी करवायची नाही, खायला-प्यायला काही द्यायचं नाही. अपवाद फक्त मधाचा. मूल वर्षाच्या वरचं असेल, त्याला गिळता येत असेल आणि १२ तास उलटले नसतील, तर वाटेत दर १० मिनिटांनी चहाच्या चमच्याने दोन चमचे मध, जास्तीत जास्त ६ वेळा. मध शोधायला थांबायचं नाही. आणि हा मेसेज म्हणतो, सकाळपर्यंत वाट बघा!

फ्रिजचं म्हणाल तर काही गरज नाही. अल्कलाइन सेल कोरड्या कपाटात वर्षानुवर्षं टिकतात. फ्रिजमधून काढल्यावर मात्र टोकांवर पाणी धरतं.

उन्हाच्या गोष्टीत थोडं तथ्य आहे, नाही कशाला म्हणू. साधा (झिंक-कार्बन) सेल विश्रांतीने आणि उबेने थोडा वेळ पुन्हा चालतो, रेडिओ ऐकणाऱ्या पिढीने ते केलंय. पण तोवर त्याचं जस्ताचं कवच झिजलेलं असतं. तो गळतो, स्प्रिंगवर पांढरी-हिरवी खपली धरते आणि रिमोटच जातो.

सगळे सेल सारखे? अजिबात नाही. पेन्सिल सेलवरचा बारीक कोड वाचा. ‘आर ६’ म्हणजे साधा झिंक-कार्बन, ‘एलआर ६’ म्हणजे अल्कलाइन. भिंतीवरच्या घड्याळाला आणि टीव्हीच्या रिमोटला साधा पुरतो. मोटर असलेल्या खेळण्यात तो लगेच संपतो, तिथे रिचार्जेबल घ्या.

घाऊक घ्यायला माझी हरकत नाही, पैसे वाचतातच. फक्त खोक्यावरची तारीख बघा आणि दोन-तीन वर्षांत संपतील एवढेच घ्या. मावशीच्या खोक्यातले पेन्सिल सेल ‘आर ६’ आहेत, ते घड्याळांना चालतील. त्यातलं बटण सेलचं पाकीट मात्र आजच कुलूपबंद कपाटात जाऊ दे.