चाळीस वर्षांची नळी आणि तुमची कलाकुसर

जुनी मर्सिडीज २४० डी, म्हणजे डब्ल्यू १२३ मालिकेतली डिझेल, नव्यासारखी करायला घेतली असेल तर एक पथ्य पाळा: व्हॅक्यूमच्या, म्हणजे हवा ओढून घेणाऱ्या, नळ्यांकडे सगळ्यात शेवटी बघायचं. या गाडीत ब्रेकचा बूस्टर, म्हणजे पेडल हलकं करणारा डबा, व्हॅक्यूमवर, सेंट्रल लॉकिंग असेल तर दरवाजे व्हॅक्यूमवर आणि चावी फिरवल्यावर इंजिन बंद करण्याचं कामही व्हॅक्यूमचंच. एवढा संसार रबरी नळ्यांच्या जिवावर चाललाय, तेव्हा पैसे रंगावर आणि क्रोमवर घालावेत. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला ऐकलं असेल. इथे कोंबडी बारा आण्यांची घ्या आणि मसाल्यात काटकसर करा.

मूळ नळी कोपऱ्यात काटकोनात वळलेली, एक तोंड बारीक, दुसरं जाड. तयार मिळत असली तरी घेऊ नका, त्यात कसली आलीय कलाकुसर? सरळ नळी आणा, हीट गनने तापवा, वाकवा, फोटो काढा. हात सोडलात की ती पुन्हा सरळ. गंधक घालून एकदा पिकवलेलं रबर आपला आकार सोडत नाही. चार्ल्स गुडइयरच्या १८३९ च्या शोधाची तीच तर करामत. आकार द्यायचा तो कच्च्या रबराला, वाकवलेल्या सळईवर चढवून, आणि मग साधारण दीडशे अंशांच्या वाफेत शिजवून. घरचा कुकर १२० च्या आसपासच थांबतो. तरी करून बघा, वरणाला गंधकाचा वास येईल.

त्यापेक्षा सलाईनची नळी. स्वस्त, पारदर्शक, कोपऱ्यातून छान वळते. इंजिन तापलं की ती मऊ पडते, आतली हवा ओढली गेली की भिंतीला भिंत चिकटते आणि वाट बंद. मूळ नळीची भिंत जाड असते ती यासाठीच, पण आपल्याला तिचं काय? चावी खिशात टाकून तुम्ही उतरता, गाडी आपली धडधडतेच आहे. जमलेल्या मंडळींना हे जर्मन दणकटपण म्हणून सांगा, आणि कुणाचं लक्ष नसताना बॉनेट उघडून ‘स्टॉप’ लिहिलेली तरफ दाबा. बूस्टरच्या नळीवर मात्र हा प्रयोग उतारावर करू नका. पेडल दगडासारखं होतं, आणि तिथे गोष्टी सांगायला वेळ मिळत नाही.

ऑइलने रबर फुगतं, नायट्राइल म्हणजे ऑइलला दाद न देणारं रबर घ्या, असं सांगणारा एखादा मिस्त्री भेटेलच. त्याला चहा पाजा आणि निळी चकचकीत सिलिकॉनची नळी लावा, फोटोत खुलते.

एवढं सगळं करून झालं की मग भोसरी एमआयडीसीतल्या रबर मोल्डिंगवाल्याकडे जायचं. जुनी नळी अर्थातच तुम्ही कधीच फेकून दिलेली असेल.

“सॅम्पल?” तो विचारेल.

तुम्ही मोबाइलमधला फोटो दाखवाल.

“एका नगासाठी डाय, साचा कोण करतं साहेब? पाचशेची ऑर्डर द्या.”

देऊन टाका. डब्ल्यू १२३ सुमारे २७ लाख बनल्या होत्या, गिऱ्हाईक मिळेल.